बारावं नाव

"खाला, ही फिक्रिया खलील कोण गं?"

कलतूमा फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली रांजण घासत होती. लोखंडी तिवईवरचे दोन रांजण, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या पाण्याचे. रोज सकाळी ते रिकामे करायचे, खजुराच्या काथ्यानं घासायचे आणि पुन्हा भरायचे हे काम तिचं. कुणी सांगितलेलं नव्हतं. हल्ली तिला कुणी काही काम सांगतच नसे. एकाहत्तराव्या वर्षी फाटकाशेजारची खोली, एक बाज आणि लहानथोरांचं 'खाला' म्हणणं एवढं कॉलेजनं तिला दिलं होतं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

विचारणारी मवाहिब कॉलेजात इतिहास शिकवायची. पस्तीस वर्षांपूर्वी आईचा पदर सोडवत नाही म्हणून रडत आलेली ही पोर कलतूमानंच बसमध्ये मांडीवर घेऊन आणली होती. तेव्हा कॉलेजला जोडून लहान मुलींची शाळाही चालायची. आता मवाहिबच्या नाकावर चष्मा होता आणि कॉलेजच्या पन्नाशीचा सोहळा तिच्या गळ्यात पडला होता. तिनं एक जाड पिवळट कागद हातात धरला होता, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा, कडेकडेनं.

"सित्त बतूलच्या कपाटात सापडला. चावीच नव्हती, शेवटी लोहार आणला. पहिल्या तुकडीचं प्रमाणपत्र आहे, कुणी नेलंच नाही. पन्नास वर्षं पडून आहे बिचारं."

कलतूमानं कागदाकडं पाहिलं. वरचा हिरवा शिक्का तिच्या ओळखीचा होता. उजव्या कोपऱ्याला शाईचा ठिपका पडला होता, तोही जागच्या जागी होता.

"होती एक," ती म्हणाली. "हल्फ्याकडची. बाप रेल्वेत कारकून होता. धरणाचं पाणी त्यांच्या गावात शिरलं तेव्हा सरकारनं त्यांना नव्या हल्फ्यात घरं दिली. गेली सगळी तिकडं."

"आणि प्रमाणपत्र न्यायला आलीच नाही?"

"नाही आली."

मवाहिबचे डोळे चमकले. आजच फोटो काढून फोनवर टाकते, म्हणाली. हल्फ्याची माणसं एकमेकांना धरून असतात, दोन दिवसांत पत्ता लागेल. समारंभात तिच्या हाती दिलं तर सगळ्या अतबऱ्यात नाव होईल. कलतूमाच्या ओठावर काहीतरी आलं होतं. एवढ्यात पहिली बस भोंगा वाजवत फाटकाशी आली, फाटक उघडणं हेही तिचंच काम, ती उठली आणि ते शब्द जिथून आले होते तिथं परत गेले.

फिक्रिया खलील या कॉलेजात एक दिवसही बसली नव्हती. ते प्रमाणपत्र कलतूमाचं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी सुदानमधलं हे अतबरा गाव रेल्वेच्या भोंग्यावर जगत होतं. सकाळी सहाला कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि हजारो सायकली त्या दारात शिरायच्या. दुपारी दोनला पुन्हा व्हायचा आणि त्याच सायकली बाहेर पडून गावभर पसरायच्या. मधल्या आठ तासांत रस्त्यावर पुरुष म्हणून शोधायला जावं तर दळण दळणारा एखादा म्हातारा. सित्त बतूल ही स्टेशनमास्तरची मुलगी, खार्टूमला शिकून आलेली, लग्न न केलेली; सगळे तिला सित्त, म्हणजे बाई, म्हणत. तिनं हे बरोबर हेरलं. मुलींसाठी कॉलेज काढायचं म्हटल्यावर बापांचं पहिलं म्हणणं एकच होतं, पोरी रस्त्यावरून जाणार कशा? तर तिनं सांगितलं, तुमचा भोंगा झाला की निघतील आणि तुमचा भोंगा व्हायच्या आत घरात असतील. रस्ता त्यांना दिसेल, रस्त्याला त्या दिसणार नाहीत. आणि त्यांच्यापुढं चालायला एक बाई असेल.

ती बाई म्हणजे कलतूमा. वय एकवीस. नवरा यार्डात डबे जोडायचा आणि एका सकाळी दोन डब्यांच्या मध्ये सापडला. गावाकडं चार इयत्ता झालेल्या, मूलबाळ नाही, सासरी परत जायचं नाही. विधवेनं नेसायचं जाडंभरडं पांढरं तिच्या अंगावर होतं. सित्त बतूलनं तिच्या हातात बाभळीची काठी दिली आणि अकरा घरांचे दरवाजे दाखवले. प्रत्येक दारात तिनं बापाला एकच वाक्य सांगायचं: तुमची अमानत तुमच्या हातात परत देईन.

दरवाजे खरं तर बारा होते. बाराव्या दारात, खलील कारकुनाच्या, ती पहिल्या सकाळी गेली तेव्हा कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, रात्रीच्या गाडीनं सगळं बिऱ्हाड गेलं. नव्या हल्फ्यात जो हजर असेल त्यालाच घर मिळणार अशी तार आली होती. फिक्रियाचे कागद मात्र कॉलेजात होते, दाखला होता, नाव वहीत चढलं होतं.

आणि घोडं नेमकं तिथंच अडलं. सरकारचा नियम होता, बारा मुली असल्या तर कॉलेज, अकरा असल्या तर घरगुती शिकवणी. परवान्यासाठी खार्टूमहून इन्स्पेक्टर तिसऱ्या दिवशी येऊन उभा राहिला. सित्त बतूलनं कलतूमाला मागच्या दारी ओढलं, स्वतःचा कडक इस्त्रीचा पांढरा तोब तिच्या अंगाभोवती गुंडाळला आणि सांगितलं, शेवटच्या बाकावर, खिडकीकडं बस. फिक्रिया म्हटलं की हजर म्हण.

इन्स्पेक्टर चांगल्या घरचा माणूस होता. परक्या मुलींच्या तोंडाकडं बघायचं नाही, ही त्याची रीत. नावं वाचली ती वहीत बघून, हजर ऐकलं ते जमिनीकडं बघून. पांढऱ्या तोबातल्या बारा मुली त्याला बारा मुलीच दिसल्या. फक्त निघताना त्यानं शेवटच्या बाकाला एक प्रश्न टाकला: अतबरा नदीबद्दल एक वाक्य सांगा.

कलतूमानं घाबरत सांगितलं, "अतबरा नदी वर्षातले आठ महिने कोरडी असते, पण तिला नदीच म्हणतात."

इन्स्पेक्टर हसला. असं उत्तर पुस्तकात नाही, म्हणाला, आणि त्यानं परवान्यावर सही केली.

काम झालं होतं. पण इन्स्पेक्टर न कळवता परत येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही कलतूमाला बसावं लागलं. मग तिसऱ्या. बघता बघता वर्ष. सकाळी काठी घेऊन पुढं चालायचं, पोचलं की काठी दारामागं ठेवायची, तोब बदलायचा आणि शेवटच्या बाकावर फिक्रिया व्हायचं. पहिला महिना ती नुसती बसली. दुसऱ्या महिन्यात तिला फळ्यावरचं कळायला लागलं. त्यानंतर मात्र तिला शनिवारची वाट बघायची सवय लागली, कारण शुक्रवारी सुट्टी असायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवरा मरून वर्ष झालं नव्हतं आणि आपण सुखात आहोत याची तिला लाज वाटायची.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कारखान्यात संप झाला. भोंगा अकरालाच वाजला आणि तो वाजला तेव्हा कलतूमा अकरा मुलींना घेऊन बाजाराच्या रस्त्यावर होती, कारण एकीला ताप आला म्हणून त्या दिवशी लवकर सोडलं होतं. समोरून सायकलींचा लोंढा आला. पळायला जागा नव्हती. तिनं मुलींना गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि स्वतः काठी आडवी धरून पुढं उभी राहिली. एकटी, चार हजार माणसांसमोर. पुढची सायकल थांबली. माणूस उतरला, मान खाली घातली आणि सायकल हातानं ढकलत पुढं गेला. मग त्याच्या मागचा उतरला. अर्धा तास ते सगळे असेच गेले, घंटी न वाजवता. भिंतीकडं तोंड केलेल्या पोरींमध्ये नईमा नावाची एक दांडगी होती, ती सारखी विचारत होती, "गेले का गं? किती राहिले?"

पुढच्या वर्षी सत्तावीस मुली आल्या. ज्यांनी सायकली ढकलल्या त्यांच्याच बहुतेक.

वर्षअखेरीची परीक्षा कलतूमानं फिक्रियाच्या नावानं दिली. पेपर खार्टूमला गेले. बारांत ती नववी आली. चार इयत्ता झालेली विधवा, आणि तिच्यामागं इंग्रजी शाळेत शिकलेल्या तीन. सित्त बतूलनं तिला आत बोलावलं, दार लावलं आणि प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. म्हणाली, बघून घे. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग सित्त बतूलनं ते परत घेतलं आणि लोखंडी कपाटात ठेवलं.

"पुढच्या वर्षी तुझ्या नावानं बसवते," ती म्हणाली. "आता बोललीस तर परवाना जाईल, आणि तुझ्यापायी या अकराजणींचे कागदही रद्द होतील. समजतंय ना? आणि हे बघ, नोकरांच्या हजेरीच्या वहीत तू अंगठाच लाव. ती वही खार्टूमला जाते. पेपरातलं अक्षर कुणी ओळखायला नको."

कलतूमाला समजत होतं. पुढच्या वर्षी सत्तावीस मुलींसाठी दोन फेऱ्या कराव्या लागल्या, बसायला वेळ उरला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी रेल्वेनं ताडपत्रीची लॉरी दिली आणि लॉरीत मुलींबरोबर विश्वासाचं माणूस हवंच होतं. मग बस आली, मग वसतिगृह, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम, विज्ञानाची इमारत, पदवी. दोन खोल्यांचा बंगला कधीच ग्रंथालयाच्या पोटात गेला. मुली बाराच्या अठराशे झाल्या. आज नको उद्या करता करता कलतूमा तिशीची झाली, चाळिशीची झाली, आणि एका वर्षी कुणीतरी नव्या कारकुनानं कर्मचाऱ्यांच्या यादीत तिच्या नावापुढं 'निरक्षर' असं लिहिलं. तिनं ते उलट्या बाजूनं, टेबलापलीकडून वाचलं आणि खाली अंगठा लावला.

सित्त बतूल गेली त्या आजारपणात कलतूमानंच तिचं केलं. ज्वारीची पेज चमच्यानं भरवायची, पाय चेपायचे. एका दुपारी बतूल म्हणाली, "कलतूमा, मी तुझं वर्ष खाल्लं गं. माफ कर."

"खाल्लं तर खाल्लं. पेज घ्या."

"माफ केलं म्हण."

"केलं."

म्हणाली खरी, पण पोटातून नाही. कपाटाची चावी त्या वेळी बतूलच्या उशाखालीच होती. कलतूमाच रोज उशी झाडायची. माफी मागायच्या ऐवजी त्या बाईनं चावी काढून दिली असती तर, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. बतूलला न्हाऊ घालताना चावी सापडली ती तिनं कफनात नाही ठेवली, कपाटही नाही उघडलं. नदीवर जाऊन टाकून आली. महिना कोरडा होता, चावी वाळूत पडली. ती थोडा वेळ तिच्याकडं बघत उभी राहिली, मग पायानं वाळू लोटून परतली.

आणि आता लोहार आणला होता.

आठवडाभर तिनं विचार केला. परवाना आता कोण काढून घेणार होतं? मंत्री येऊन फिती कापतात असं हे कॉलेज. अकराजणींतल्या नऊ मातीआड गेल्या होत्या, दहावी कॅनडाला मुलाकडं होती, राहता राहिली नईमा. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. एक कागद हवा होता तिला, दुसरं काही नको. खोलीत बाजेसमोरच्या भिंतीला लावला असता. येणारं-जाणारं तसं कुणी नव्हतं, पण तिला स्वतःला दिसला असता. तिनं धुतलेला पांढरा तोब नेसला, काठी घेतली आणि मवाहिबच्या खोलीकडं निघाली. पायऱ्या चढताना वाक्य तयार केलं होतं: बेटी, त्या बाकावर मी बसायचे.

मवाहिब फोन हातात घेऊन रडत होती.

"ये, खाला, ये. बस. सापडली. म्हणजे ती गेली, चार वर्षं झाली. पण नात सापडली. सुलाफा. ऐक काय लिहिलंय पोरीनं."

तिनं वाचून दाखवलं. सुलाफा अठराची होती. तिला अतबऱ्याला, याच कॉलेजात यायचं होतं, गुणही होते. बाप दोन वर्षं नाही म्हणत होता. त्याचं म्हणणं, आपल्या घरातली बाई परगावी एकटी राहून शिकली नाही, तू कोण लागून गेलीस. आजी कधीमधी म्हणायची, अतबऱ्याच्या कॉलेजात माझं नाव होतं. तर सगळे हसायचे, म्हातारी बढाया मारते म्हणायचे. आणि परवा फोनवर हा फोटो आला. बापानं आईचं नाव वाचलं, शिक्का बघितला. मग म्हणाला, घरचे हल्फ्याला आले तरी आई मागं राहिली असणार, एकटी. आई राहू शकली तर पोरगी राहील.

"म्हातारी खरं बोलत होती, खाला. घरातले हसत होते आणि ती खरं बोलत होती." मवाहिबनं चष्मा पुसला. "स्वतः बाप घेऊन येतोय तिला समारंभाला. त्याच दिवशी प्रवेश. तू काय सांगायला आली होतीस?"

कलतूमानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"रांजण," ती म्हणाली. "एकाला चीर गेलीय."

मवाहिब कामाची बाई. दुसऱ्याच दिवशी शिपायांनी जुना रांजण, अगदी धडका, उचलून नेला आणि नवा कोरा आणून ठेवला. नव्या रांजणाचं पाणी आठवडाभर मातीकट लागलं आणि मुली कलतूमाकडंच तक्रार करत राहिल्या.

समारंभ अंगणात होता, मोठ्या शामियान्यात. भाषणं झाली. सित्त बतूलच्या फोटोला सगळ्यांनी दुवा दिली. पुढच्या रांगेत नईमा होती, पोर्ट सुदानहून मुलगी तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. एवढी दांडगी बाई आता उशीएवढी झाली होती. ऊन चढत होतं, म्हणून कलतूमा तांब्या घेऊन रांगेतून पाणी देत होती. नईमापाशी आली तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले.

तेवढ्यात मवाहिबनं ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं. पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी, फिक्रिया खलील सालेह. त्यांच्या वतीनं त्यांचे चिरंजीव हाशिम आणि नात सुलाफा. टाळ्या पडल्या. एक उंच, सावळा, ओशाळलेला माणूस उभा राहिला, त्याच्यामागं एक काटकुळी मुलगी.

"फिक्रिया?" नईमा मोठ्यानं म्हणाली. कानानं कमी ऐकू येणाऱ्यांचा आवाज मोठाच असतो. "ती कुठं होती? ती तर आलीच नाही. त्या बाकावर ही बसायची. ही, कलतूमा."

पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. हाशिमही थबकला. मवाहिबनं माइकवर हात ठेवला आणि कलतूमाकडं पाहिलं.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते तोंडानं बोललं होतं, भर सभेत, तिचं नाव घेऊन. आता कलतूमानं नुसती मान हलवायची होती. हो म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं त्या मुलीकडं पाहिलं. मुलीनं बापाची बाही धरली होती.

"ऊन लागलं हिला," कलतूमा हसून म्हणाली. "मी कधी बाकावर बसले, नईमा? मी दाराशी असायचे काठी घेऊन. विसरलीस होय? घे, पाणी पी."

लोक मायेनं हसले. नईमाची मुलगी पुढं वाकून म्हणाली की अलीकडं आईचं असंच होतं, माणसांची अदलाबदल करते. मवाहिबनं माइकवरचा हात काढला. नईमा पाणी प्यायली नाही. ती कलतूमाकडं बघत राहिली, आणि तिला वेड लागलेलं नाही हे कलतूमाला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. आपल्या त्या वर्षाला जगात एकच साक्षीदार उरला होता आणि त्यालाच आपण चारचौघांत खोटं पाडलं. तिला तिथून निघून जावंसं वाटलं, पण रांगेत अजून पाणी द्यायचं होतं. नईमानं तिचा हात मात्र सोडला नाही. खुर्ची गाडीकडं न्यायची वेळ झाली तेव्हा मुलीला तो सोडवावा लागला.

दुपारी गर्दी पांगल्यावर बाप-लेक कडुनिंबाखाली आली. मवाहिबनंच पाठवलं होतं, फिक्रियाला बघितलेलं माणूस आता इथं एवढंच आहे म्हणून.

"तुम्ही माझ्या आजीला बघितलंय?" सुलाफानं विचारलं. "कशी होती हो ती इथं? घरी तिनं कधी सांगितलंच नाही. म्हणजे आम्ही कधी विचारलं नाही."

कलतूमानं तिला बाजेवर बसवलं. बाप उभाच राहिला.

"शेवटच्या बाकावर बसायची, खिडकीपाशी," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यात काहीसुद्धा कळायचं नाही तिला. वही अशी हातानं झाकून धरायची, शेजारणीला चुका दिसू नयेत म्हणून. गणितात कच्ची. भूगोल आवडायचा. पण एक सांगू? एकही दिवस चुकवला नाही तिनं. ताप असताना आली. सुट्टीच्या दिवशी तिला करमायचं नाही."

"आई?" हाशिम म्हणाला.

"हो, तुमची आई. खार्टूमचा इन्स्पेक्टर आला होता, त्यानं नेमकं तिला विचारलं, अतबरा नदीबद्दल सांग. तर म्हणाली, आठ महिने कोरडी असते पण तिला नदीच म्हणतात. हसला तो. म्हणाला, असं उत्तर पुस्तकात नाही."

सुलाफा हसली, आणि तिच्या बापानं तोंड फिरवून रुमाल डोळ्यांना लावला. कलतूमा सांगत राहिली. बाकाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कागदाची घडी ठेवायची. खिडकीतून यार्डातलं इंजिन दिसायचं आणि ते दिसू नये म्हणून ती उजवीकडं मान वळवून बसायची. हे का, ते तिनं सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी बोटानं शिक्का चाचपून बघितला, तेही सांगितलं. इतकं ती गेल्या पन्नास वर्षांत कुणाशी बोलली नव्हती. एकेक गोष्ट तोंडातून बाहेर पडत होती आणि त्या मुलीची होत होती, आणि परत मागायची सोय नव्हती.

शेवटी हाशिम म्हणाला, "खाला, मी उद्या परत जाणार. ही तुमच्या हाती आहे."

"अमानत आहे," ती म्हणाली. "तुमच्या हातात परत देईन."

कार्यालयातून अवाद कारकून बगलेत जाडजूड वही आणि हातात शाईचा डबा घेऊन आला. पहिल्या वर्षाची वही, उंदरांनी कडा खाल्लेली. प्रमाणपत्र दिल्याची नोंद करायची होती. त्या पानावर बारा ओळी होत्या. अकरांपुढं सह्या होत्या, नईमाची सगळ्यांत मोठी, रेघेबाहेर गेलेली. बाराव्या ओळीत नाव होतं आणि नावापुढचे दोन्ही रकाने रिकामे होते, सहीचा आणि साक्षीदाराचा. सुलाफानं पहिल्यात जपून, जीभ दातांत धरून सही केली.

"आता ओळखीचा साक्षीदार," अवाद म्हणाला. "खाला, तूच ओळखत होतीस ना त्यांना? अंगठा दे."

त्यानं डबा उघडून पुढं धरला. कलतूमानं अंगठा शाईत टेकवला, वहीवर वाकली आणि थांबली. ती ती ओळ वाचत होती, अनुक्रमांकापासून, सावकाश. बारा. फिक्रिया खलील सालेह. नववा क्रमांक. उत्तीर्ण.

अवादला वाटलं, म्हातारीला जागा सापडत नाही. त्यानं तिचं मनगट हळूच धरून हात पुढं सरकवला.

"इथं, खाला," तो म्हणाला. "या नावापुढं कोरं आहे ना, तिथं."